दातातला झेंडू

आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग असायचे. पप्पा कामावर आणि पप्पा ब्रेकवर. चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी कामगाराला सलग ठेवत नाहीत. उद्या तो पर्मनंट करा म्हणेल, म्हणून काही महिने झाले की त्याला घरी बसवतात आणि गरज लागली की परत बोलावतात. त्या घरी बसवण्याला आमच्याकडे ब्रेक म्हणतात. शेजारीण विचारायची, "मिस्टर सुट्टीवर का?" आई म्हणायची, "हो ना, जरा सुट्टी घेतलीय." आणि आत येऊन डाळीत पाणी वाढवायची.

आमची पिंपळे गुरवला पत्र्याची एक खोली होती. अर्धी खोली आमची आणि अर्धी रबराच्या वॉशरांच्या गोण्यांची. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला जादा रबराची पातळ पापडी राहते, ती ब्लेडने कापून द्यायचं काम आई घरी आणायची. ब्रेकच्या महिन्यांत तेच घर चालवायचं. मी शाळेतून आले की दप्तर ठेवायचं, ब्लेड उचलायचं. वह्यांना, चपात्यांना, माझ्या केसांना, सगळ्याला रबराचा वास. शाळेत बाकावर माझ्याशेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची. मी तिला सांगितलं, "तुझ्या वडलांच्या गाडीत बसलीस की असाच वास येतो, तेव्हा लावतेस का रुमाल?" तेव्हापासून ती नीट बसायला लागली.

आईवडील परभणीकडचे. आई चौथी, पप्पा दहावी नापास. नात्यात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर मामा आले आणि म्हणाले, "पोरीला लाइनवर उभी करा, वायरिंगच्या कंपनीत पोरीच घेतात." पप्पा तेव्हा ब्रेकवर होते. आई वॉशर कापत कापत म्हणाली, "म्या कापायलेय ना अजून. मग ती कामून कापंल?" विषय तिथं संपला. मी चिंचवडच्या कॉलेजात बीएस्सीला गेले.

कॉलेजात एका तासाला बाईंनी पडद्यावर बोटाच्या टोकाचं हाड दाखवलं. सायबेरियातल्या एका थंडगार गुहेत सापडलेलं, करंगळीचं, एवढंसं. त्या तुकड्यातून शास्त्रज्ञांनी डीएनए काढला, तर तो आपल्यासारख्या माणसाचा निघाला नाही आणि निअँडरथलचाही नाही. तिसऱ्याच माणसांचा निघाला. ती माणसं कशी दिसत होती हे कोणाला ठाऊक नव्हतं, कवटी नाही, सांगाडा नाही. आधी डीएनए सापडला आणि हाडं मागाहून ओळखू यायला लागली. डेनिसोव्हन म्हणतात त्यांना. ती आता पृथ्वीवर नाहीत, पण त्यांचे तुकडे आहेत. तिबेटची माणसं उंचावरच्या विरळ हवेत सुखानं राहतात, त्यामागचं एक जनुक या डेनिसोव्हनांकडून आलेलं आहे. आपल्यातही निअँडरथलचा थोडा वाटा आहे आणि डेनिसोव्हनचा त्याहून कमी. सगळ्या वर्गाला बस पकडायची घाई होती. मी बाकाला चिकटून बसले होते.

घरी येऊन आईला सांगितलं. त्याच गुहेत आणखी एका मुलीचं हाड सापडलं होतं, तेही सांगितलं. तिची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन.

आईनं ब्लेड थांबवलं. "म्हंजी दोन येगळ्या जातीची माणसं?"

"जातीची नाही गं आई. वेगळ्या प्रकारची माणसं."

"तेच की. मग लग्नाला कोण आलं असंल? दोन्हीकडचे रुसले असतील." मग थोडा विचार करून म्हणाली, "पोर जगली का?"

"तेरा वर्षांच्या आसपास होती म्हणतात."

"म्हंजी कोणीतरी सांभाळलं की तिला." आणि परत कापायला लागली.

पुस्तकांत मी पुढे पुष्कळ वाचलं, पण 'कोणीतरी सांभाळलं' हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही.

एमएस्सी झाले. डिस्टिंक्शन मिळालं. ते मी इथं मुद्दाम लिहिते, कारण ते मी मिळवलेलं आहे. मग जुन्या हाडांतला डीएनए काढणाऱ्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले. नेमणूक वर्षाची, पुढचं काम बघून. थोडक्यात काय, पप्पांचाच ब्रेक, फक्त इंग्रजीत टाइप केलेला.

तिथं एक स्वच्छ खोली होती. आत शिरायचं म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातात एकावर एक हातमोजे, अंगठी नाही, टिकली नाही, तेल नाही. बाहेरची धूळ आत यायला नको म्हणून आतली हवा सतत बाहेर ढकललेली. पप्पांना सांगितलं तर ते हसले. "हे तर आमचं पेंट शॉप झालं गं. आम्हाला पण डोक्याला तेल लावून यायला बंदी होती. एकानं लावलं, तर बॉनेटवर खड्डे पडले होते."

आमच्याकडे खड्डा पडत नाही, आमच्याकडे खोटं पडतं. जुन्या दातात डीएनए उरतो तो किती? चिमटीएवढा, तोही तुटून तुकडे तुकडे झालेला. आपल्या बोटावरची, श्वासातली एक पेशी त्यात पडली तर तिचाच आवाज मोठा होतो. मग तुम्ही हजारो वर्षांपूर्वीचा माणूस वाचतोय असं समजता आणि वाचत असता स्वतःलाच. म्हणून लॅबमध्ये आम्हा सगळ्यांचा डीएनए आधीच घेऊन ठेवलेला होता. चोरी व्हायच्या आधीच चौकीत सगळ्यांचे फोटो लावून ठेवावेत तसा.

आमच्या मॅडम लॅबच्या प्रमुख. कमी बोलायच्या, पण बोलल्या की पक्कं. त्यांच्याकडे एक दात आलेला होता, उंच, कोरड्या, थंड भागातल्या उत्खननातला, काही हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाचा. त्या जागेवरून मिळालेला माणसाचा तो एकच दात कामाचा होता. एकदाच भोक पाडता येणार होतं. त्यातून त्या माणसाचा डीएनए काढायचा आणि त्यात निअँडरथल-डेनिसोव्हन यांच्याकडून आलेले तुकडे शोधायचे, असं काम होतं.

"आधी त्याच जागेवरच्या गाईच्या दातावर करून दाखव," मॅडम म्हणाल्या. "त्यात माणसाचा मागमूस निघता कामा नये. नाही निघाला, तर माणसाचा दात तुझा."

माझा! मी त्या दिवशी बसमधून उभ्यानं आले आणि बसायला जागा मिळाली तरी बसले नाही.

दात घट्ट धरायला छोटा वाईस लागतो. दोन जबडे आणि मधे स्क्रू, हाताच्या पंजात मावेल एवढा. लॅबमधल्याचा स्क्रू गेला होता आणि बाहेरून मागवलेला यायला वेळ होता. मी म्हटलं, "मॅडम, माझे वडील आता भोसरीला एका शेडमध्ये लेथवर आहेत. स्टेनलेस स्टीलचा करून देतील." मॅडमनी चित्र काढून दिलं. पप्पांनी शेठला विचारून, शिफ्ट संपल्यावर थांबून तो केला. असा सुरेख की हातातून खाली ठेवावासा वाटेना. पप्पांनी तो घरी आणला तो खंडेनवमीच्या दिवशी. मी लॅबमध्ये होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यानंतर मी तो कागदात गुंडाळून नेला. ब्लीचनं धुतला, अतिनील दिव्याखाली ठेवला, सगळं नियमाप्रमाणं. गाईच्या दाताला भोक पाडलं, पूड काढली, पुढची सगळी कामं केली. सोबत एक रिकामी नळीही त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेली, पण तिच्यात दाताची पूड नाही. तीही तपासायला गेली.

दिवाळीनंतर निकाल आला. रिकामी नळी स्वच्छ. गाईच्या दातात गाय होती. आणि माणूसही होता.

आमचा एक सिनिअर होता, पीएचडी करणारा, सदाशिव पेठेतला. मनानं वाईट नव्हता, पण त्याला स्वतःचा आवाज फार आवडायचा. त्यानं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "राव, हा कोण पाहुणा आलाय गोठ्यात?"

माणसाचे तुकडे थोडेच होते. पण पेशीत एक लहानसा डीएनए असा असतो की तो फक्त आईकडून येतो, आणि त्याच्या प्रती भरपूर असतात, त्यामुळे तो आधी वाचता येतो. सिनिअरनं तो लॅबमधल्या सगळ्यांशी ताडून बघितला. एकाशीच जुळला. माझ्याशी.

"मास्क खाली केलास का गं मधे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे आठवत नसेल. होतं असं. सवय लागते हळूहळू. ज्यांच्या घरी असं वातावरण नसतं त्यांना वेळ लागतो."

"माझ्या घरी वातावरण रबराचं आहे," मी म्हटलं, "आणि मास्क मी खाली केलेला नाही."

मॅडमनी दोघांकडे बघितलं. "तू केलं नसशील असं मला वाटतं. पण मला वाटून उपयोग नाही. हे कुठून आलं ते कळेपर्यंत तू आत जायचं नाही. महिनाअखेरपर्यंत कळलं नाही तर दात दुसऱ्याला द्यावा लागेल." नेमणुकीचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. ब्रेक कसा येतो ते मला कोणी शिकवायला नको होतं.

घरी मी काही सांगितलं नाही. आईनं विचारलं, "पाहिला का दात?" मी म्हटलं, "पाहीन." पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांना त्या 'पाहीन'मधलं कळलं असावं.

पण मी रडत बसले नाही. मी कॉम्प्युटरवर बसले. आत जायची बंदी होती, आकडे वाचायची नव्हती. एक गोष्ट माझ्या बाजूची होती. रिकामी नळी स्वच्छ निघाली होती, म्हणजे द्रव, नळ्या, हवा चांगली. घाण आली ती दाताबरोबर किंवा दाताला जे लागलं त्याच्याबरोबर. सिनिअर म्हणे, दाताला तूच लागलीस. मी म्हटलं, बघू.

अशा निकालात गाय आणि माणूस एवढंच नसतं. मातीतले जिवाणू, बुरशी, गवत, काय काय असतं, आणि ते कोणी बघत नाही. मी बघायला बसले. जिवाणू, जिवाणू, जिवाणू. मग तांदूळ. असेल, गाईनं पेंढा खाल्ला असेल. मग हळद. गाय हळद कशाला खाईल? तरी म्हटलं, असेल काही.

मग झेंडू.

झेंडूच्या नावापाशी मी थांबले. झेंडू आपल्याला आपला वाटतो, पण तो मूळचा आपला नाही. तो अमेरिकेतून आला, समुद्रापलीकडून जहाजांनी, अगदी अलीकडे, चारपाचशे वर्षांच्या आत. बीएस्सीच्या वनस्पतिशास्त्रात मी ते पाठ केलं होतं. हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या गाईच्या दातात झेंडू असणं शक्यच नव्हतं. तो आत्ताचा होता. तांदूळ, हळद, झेंडू. आमच्या पट्ट्यात या तीन गोष्टी एकत्र कधी येतात ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खंडेनवमीला चाकणपासून भोसरीपर्यंत प्रत्येक प्रेस, प्रत्येक लेथ, प्रत्येक टेम्पोच्या कपाळाला तेच लागतं.

मी आईला फोन लावला.

"आई, पप्पांनी तो छोटा वाईस आणला होता ना, त्याची पूजा केली होतीस?"

"मग? हत्यार हाय ना ते? तुह्या बापाच्या पान्याची केली, ब्लेडाची केली, अन् तुह्या हत्याराची न्हाई करायची व्हय? चांगली केली. हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडू खोवला त्या फटीत. नीट बसंना, मग बोटानं दाबून दाबून बसवला." मग आवाज एकदम बारीक झाला. "का गं? काई बिघडलं का?"

"नाही आई. सापडलं."

फटीत. पप्पांचा जबडा बाहेरून आरशासारखा होता, पण स्क्रूच्या आट्यांत आणि जबड्यामागच्या खाचेत ब्लीच पोचलं नव्हतं. तिथं आईचं बोट बसलं होतं, हळदीसकट. आणि आईकडून येणारा तो लहान डीएनए आईचा आणि माझा एकच असणार, यात नवल काय! चौकीत माझा फोटो होता, आईचा नव्हता.

मॅडमना सांगितलं. त्या अशा हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. लगेच गंभीर झाल्या. "गोष्ट चांगली आहे. पण गोष्टच आहे. सिद्ध कर."

म्हणून मी आईच्या गालातून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायला घरी गेले.

"आऽ कर."

"आता माह्या थुंकीत काय बघायलीस?"

"तुझा डीएनए."

"तुला जलम देतानी दिला तेवढा पुरला न्हाई?" पप्पा कोपऱ्यात हसू दाबत होते. आईनं त्यांना झापलं, "तुम्ही दात कशाला काढायलेत? फट तुम्हीच ठिवली ना?"

आईचा पूर्ण डीएनए आणि माझा, यांत पुष्कळ जागा वेगळ्या, कारण अर्धा मी पप्पांकडून घेतला. त्या जागांवर गाईच्या दातातले तुकडे ताडून बघायचे होते. सिनिअरनं स्वतःहून ते माझ्याबरोबर केलं. जागा एकेक स्क्रीनवर येत गेल्या. आईशी जुळली. आईशी जुळली. जिथं मी आणि आई वेगळ्या, तिथं प्रत्येक वेळी आई.

सिनिअर खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "अगं, तुझ्या आईनं लॅबमध्ये पाय न ठेवता लॅब हलवली की! सॉरी हां. मास्कचं मी उगाच बोललो."

"उगाचच बोललास," मी म्हटलं. चहा त्यानं पाजला, तो मी घेतला.

मॅडमनी लॅबच्या नियमांत एक ओळ वाढवली. बाहेर बनवलेली कुठलीही वस्तू पूर्ण सुटी करून धुतल्याशिवाय आत न्यायची नाही. पप्पांनी दुसरा वाईस केला. यावेळी स्क्रू पूर्ण बाहेर निघणारा, जबडे सुटे होणारे, खाच कुठंच नाही. तो शेडमधून थेट लॅबच्या दारात आला. आईला हे मुळीच पटलं नाही. पूजेविना हत्यार चालवायचं म्हणजे काय? शेवटी पहिला वाईस घरी आला. तो देव्हाऱ्याशेजारी आहे, त्याला हवं तेवढं हळदकुंकू लागतं, आणि नव्याच्या वाटणीचं पुण्य त्यालाच मिळतं, अशी आईनं सोय लावून टाकली आहे.

गाईच्या दातावर परत केलं. त्यात गाय होती, माती होती, माणूस नव्हता. झेंडूही नव्हता. मॅडमनी कपाट उघडलं, माणसाच्या दाताची डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

तो दात मी हातमोज्यातून धरला तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी मोठं वाटेल. खरं सांगायचं तर मला फक्त घाम फुटला. लहान, पिवळट, एका बाजूनं झिजलेला दात. त्या माणसानं जन्मभर त्याच बाजूनं चावलं असणार. वाईस आवळला, ड्रिल लावलं, अगदी सावकाश, म्हणजे दात तापू नये. पिठासारखी पूड नळीत पडली. वॉशरची पापडी कापताना हात हलला तर माल नाकारला जायचा, त्या कामानं माझा हात तयार झालेला होता, आणि तो त्या दिवशी हलला नाही.

मग वाट बघणं. आमच्या कामात वाट बघणंच जास्त. निकाल आला तेव्हा मॅडम, सिनिअर आणि मी एका स्क्रीनसमोर होतो. रिकामी नळी स्वच्छ. दातात माणूस. माझ्याशी जुळत नाही, आईशी नाही, लॅबमधल्या कोणाशीच नाही. तुकडे छोटे, टोकांना जुन्या डीएनएला पडतात तसे डाग पडलेले. तो पुरुष होता. डीएनए फार नव्हता, पण वाचण्याइतका होता.

त्याच्यातले निअँडरथलचे तुकडे मी स्वतः शोधले. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात ते असतात, त्यामुळे असणारच होते. तरी पहिला तुकडा ओळखू आला तेव्हा मी उठून उभी राहिले. पुढे डेनिसोव्हनचेही थोडे सापडले. त्या माणसाला काही ठाऊक नसेल. तो शेती करत असेल, गाई राखत असेल. त्याच्या रक्तात माणसांच्या दोन संपून गेलेल्या वंशांचा वाटा आहे, हे त्याला सांगायला कोणी नव्हतं. मी सांगत होते, पण उशिरा.

घरी येऊन सांगितलं. पप्पांनी विचारलं, "माझा वाईस चालला?" मी म्हटलं, "एक नंबर." ते मान हलवत उठले, कामावर जायची वेळ झाली होती. आता ते त्याच शेडमध्ये कायम आहेत, ब्रेक नाही. आई म्हणाली, "म्हंजी ती माणसं मेली, पण गेली न्हाईत?"

"गेली नाहीत."

"अन् आपल्यात पण हायेत?"

"आहेत. तुझ्यातले मी मोजलेत."

"जास्त हायेत का तुह्या बापापेक्षा?"

"पप्पांचा नमुना अजून घेतला नाही."

"घे, घे," आई म्हणाली. "माहेरचं जास्तच निघंल."

त्या दाताच्या कामावर आता माझं नाव आहे. नेमणूक पुढे झाली, आणि मी त्याच लॅबमध्ये पीएचडीला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दातातून, त्याच्याहीपेक्षा जुन्या, नामशेष झालेल्या माणसांचा डीएनए मी माझ्या हातांनी काढला आणि वाचला.